जुनी नाव घेताना आधी तळ बघा: तापीकाठच्या मच्छीमारांसाठी

जुनी नाव घ्यायला निघालेला माणूस तीन प्रश्न हमखास विचारतो: किती फूट आहे, किती वर्षांची आहे आणि कितीला देणार. तळ कसा आहे हे विचारायचं बहुतेक वेळा राहून जातं, कारण नाव काठावर बसलेली असते आणि तळ चिखलात दडलेला असतो. फुटलेली कड बुजवता येते, कुजलेली फळी बदलता येते, रंग तर कधीही मारता येतो. तळाचा आकार बदलता येत नाही. फायबरची नाव साच्यातून जशी निघाली, तशीच ती शेवटपर्यंत पाण्यावर वागणार. म्हणून या लेखात मी किमतीपेक्षा तळावर जास्त बोलणार आहे.

हे मला शिकावं लागलं ते असं. एकोणीस वर्षांचा असताना मी आणि काकांनी समुद्रकाठच्या एका विक्रेत्याकडून अठरा फुटांची फायबरची नाव घेतली. नाळ (नावेचं पुढचं टोक) उंच, तळ खोल व्ही आकाराचा, रंग चकचकीत, भावही परवडणारा. ट्रकमध्ये घालून ती हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर, आणली. पहिल्या आठवड्यातच कळलं की आमच्या गाळात ती काठापर्यंत येतच नाही, वीस-पंचवीस हात अलीकडेच रुतते. पण ते चाललं असतं. डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं होतं, वारा अजिबात नव्हता. जाळ्यात एक वाहून आलेला ओंडका अडकला. काका एका कडेला वाकून ओढत होते, मी मदतीला त्याच कडेला गेलो. नाव कलली आणि कललेलीच राहिली. पाणी कडेवरून आत आलं ते शांतपणे, जाड चादर ओढल्यासारखं. काकांच्या अंगात स्वेटर होता, तो भिजून त्यांना खाली ओढत होता. शेजारी जाळं काढणाऱ्या एका जुन्या सपाट लाकडी नावेनं आम्हा दोघांना उचललं. तिच्या मालकानं मला नंतर एवढंच सांगितलं, "भाऊ, नाव काठवर नको देख, पानीमा देख."

त्या नावेत दोष नव्हता. ती मागे जड इंजिन आणि आत भरपूर माल घेऊन समुद्राच्या लाटा कापायला बनवलेली होती. रिकामी, दोन माणसांची, एका कडेनं जाळं ओढायची नाव म्हणून ती चुकीची होती. चूक निवडीत होती.

आधी आपलं पाणी मोजा

खानदेशात पाणी एकसारखं नाही, त्यामुळे एकच नाव सगळीकडे चांगली हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हतनूरचं धरण तापी-पूर्णेच्या संगमाखाली आहे. दोन नद्यांचा गाळ तिथं येतो, त्यामुळे फुगवटा पसरट आणि उथळ आहे. चांगदेव-मेहूणच्या बाजूला मे महिन्यात पाणी मागे सरकतं आणि गुडघाभर गाळातून नाव ढकलत न्यावी लागते. पाणवनस्पतीही असतात. इथं नाव किती कमी पाण्यात तरंगते हाच पहिला प्रश्न.

सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजांचं (दरवाजांच्या बंधाऱ्यांचं) पाणी वेगळं. ती तापीचीच लांब पट्टी आहे, नदीच्या रुंदीएवढी. मोठी लाट उठायला लागतं तेवढं मोकळं पाणी तिथं वाऱ्याला आडवं मिळत नाही. पण पावसाळ्यात वरचे दरवाजे उघडले की धार लागते. तिथं नाव वल्ह्याला हलकी आणि वळायला चपळ पाहिजे.

उकाई १९७२ साली पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा नवापूर-नंदुरबारकडे आला. तो मोठा उघडा जलाशय आहे. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात असलं तरी जळगाव जिल्ह्यातल्या बऱ्याच भागाला पाणी तिथून येतं. तिथंही मोकळा पट्टा मोठा आहे. अशा ठिकाणी दुपारनंतर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा येतात. समुद्राची लाट लांब असते, नाव तिच्यावर चढते-उतरते. आपल्या धरणाची लाट आखूड असते आणि एकामागून एक सटासट आपटते. सपाट तळाला ती फार छळते.

अक्कलकुवा-धडगावकडचा नर्मदेचा फुगवटा, म्हणजे सरदार सरोवराचं पाणी, हा चौथा प्रकार. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. सातपुड्याच्या दऱ्यांत पाणी खोल शिरलेलं आहे, काठ उभे आहेत, गावं दूर-दूर आहेत. तिथं नाव मासेमारीसोबत माणसांची आणि सामानाचीही ने-आण करते. मोटारीशिवाय निभाव नाही.

म्हणून नाव बघायला जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: मे महिन्यात तुमच्या जागी कमीत कमी किती पाणी असतं, वारा कुठून आणि किती मोकळ्या पाण्यावरून येतो, नावेत किती माणसं बसतात, वल्ह्यावर चालवणार की मोटारीवर, आणि जाळं कडेवरून ओढता की पुढून. या पाच उत्तरांवर तळाचा आकार ठरतो. किंमत त्यानंतर.

तळाचे प्रकार आणि त्यांची वागणूक

सपाट तळ उथळ पाण्यात चालतो, वजन घेतो, उभं राहून काम करायला स्थिर वाटतो आणि दुरुस्तीला सोपा असतो. लाटेवर तो आपटतो आणि आडव्या वाऱ्यात घसरत जातो. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. सपाट तळाची नाव सुरुवातीला अजिबात कलत नाही, म्हणून विश्वास बसतो. पण एका मर्यादेपुढे तळाचा पलीकडचा कोपरा पाण्याबाहेर आला की ती एकदम उलटते. मधे इशारा मिळत नाही.

गोल तळाची नाव उलट वागते. पाय ठेवताच हलते, नवख्याला भीती वाटते. पण ती हळूहळू कलते आणि बाजू बाहेर झुकलेल्या असतील तर पुढे पुढे घट्ट होत जाते. वल्ह्याला ती सगळ्यात हलकी. जुन्या कारागिरांच्या फळ्यांच्या नावा बऱ्याचदा या घाटाच्या असतात.

व्ही तळ लाट कापतो, अंग कमी हादरवतो. बदल्यात त्याला जास्त पाणी लागतं, जास्त ताकद लागते आणि उभी असताना ती जास्त डुलते.

पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट, हा मधला मार्ग. उकाई-गिरण्यासारख्या पाण्यावर छोटी मोटार लावून काम करणाऱ्याला माझ्या मते हाच घाट बरा. पुढचा भाग लाट फोडतो, मागचा भाग वजन आणि मोटार तोलतो.

दुहेरी किंवा तिहेरी नळीचे तळही विकायला येतात, बहुतेक पर्यटनाच्या बोटींमधून निवृत्त झालेले. उभ्यानं फार स्थिर, पण जड. वल्ह्यावर त्या ओढवत नाहीत आणि नळ्यांच्या मधल्या जागेत गाळ, गवत अडकतं. मासेमारीसाठी मी त्या घेणार नाही.

आता एक महत्त्वाचा फरक, ज्यावर खूप पैसे वाया जातात. वल्ह्याची नाव आणि मोटारीची नाव एकसारखी नसते. बाजूनं पाहिलं तर वल्ह्याच्या नावेचा तळ थोडा केळीसारखा वाकलेला असतो, दोन्ही टोकं उचललेली असतात आणि मागची फळी (नावेची मागची उभी बाजू) पाण्याला जेमतेम टेकते. त्यामुळे पाणी मागून सुरळीत सुटतं. मोटारीच्या नावेचा मागचा तळ सरळ असतो आणि फळी रुंद, पाण्यात बुडालेली, कारण मोटारीचा जोर मागे दाबतो. मोटारीची नाव वल्हवली तर मागे पाणी घोळत राहतं आणि माणूस दमतो. वल्ह्याच्या वाकड्या तळाला मोटार लावली तर मागचं अंग बसतं आणि नाक आकाशाकडे जातं.

वेगाचंही गणित आहे. न उसळता पाणी कापत चालणाऱ्या नावेचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. चौदा फूट लांबीला तो ताशी साधारण ९ किलोमीटर, वीस फुटाला साधारण ११. त्यापुढे नाव स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि पेट्रोल जळतं, वेग वाढत नाही. तो वेग ओलांडायचा तर मागचा तळ सरळ हवा आणि मोटार मोठी हवी. म्हणून जड, वाकड्या तळाच्या नावेला मोठी मोटार लावून काही साधत नाही.

बघायला जाताना काय न्यायचं

टेप, गवंड्याची लेव्हल पट्टी, पाच-सहा फुटांची सरळ पट्टी किंवा तासलेला बांबू, पक्की बारीक दोरी, खडू, टॉर्च, एक रुपयाचं नाणं, छोटी लाकडी हातोडी. दोन माणसं सोबत, लाइफ जॅकेटसह. सकाळी जा. संध्याकाळी उजेड कमी असतो आणि विकणाऱ्यालाही घाई असते.

जमिनीवरची मापं

नाव धुवून उलटी घालून द्या असं आधीच फोनवर सांगा. उलटी घालायला नकार आला तर जाऊ नका. मी तर जात नाही.

उलटी केल्यावर आधी लांब उभं राहून नजरेनं बघा, मागून पुढे. कणा, म्हणजे तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारी रेघ, सरळ आहे का? मग दोरी घ्या. मागच्या फळीपासून पुढे पाच फुटांपर्यंत, कण्याच्या बाजूला, तळाला घट्ट ताणून धरा. दोरीखाली मधे उजेड दिसला तर तळ तिथं आत गेलेला आहे. मोटारीवर अशी नाव नाक खाली दाबते आणि वळताना घाबरवते. मधे तळ दोरीला टेकतो आणि टोकांना उजेड दिसतो तर तळ बाहेर फुगलेला आहे. वल्ह्याला हा बाक चालतो, मोटारीला नाही. फायबरच्या नावा वर्षानुवर्षं दोन दगडांवर ठेवल्या की असा दोष येतो. तो भरून निघत नाही.

आता उतार मोजा. कण्यावर सरळ पट्टी आडवी ठेवा, लेव्हल लावून ती सपाट धरा. कण्यापासून ६० सेंटिमीटर बाहेर मोजा आणि तिथं पट्टीपासून तळापर्यंत खाली किती अंतर आहे ते घ्या. ५ सेंटिमीटर असेल तर उतार साधारण ५ अंश, म्हणजे जवळजवळ सपाट. १० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेनऊ अंश. १५ म्हणजे १४ अंश, आणि २२ म्हणजे २० अंश, पक्का खोल व्ही. हे माप दोन ठिकाणी घ्या: मागच्या फळीजवळ आणि नाळेपासून एक तृतीयांश लांबीवर. पुढे नाव अरुंद असेल तर ६० ऐवजी ३० सेंटिमीटरवर मोजा आणि आकडा दुप्पट धरा. पुढे जास्त, मागे कमी असेल तर तो मधला मार्ग. दोन्हीकडे सारखा जास्त असेल तर ती लाटांची, वेगाची नाव आहे. हतनूरच्या गाळात तिचं काम नाही.

नाव सुलटी केल्यावर दोन सरळ बांबू आडवे ठेवा, एक पुढे, एक मागे, दोन्ही कडांवर टेकलेले. मागून एका बांबूच्या वरून दुसऱ्याकडे बघा. दोन्ही एका रेषेत दिसले पाहिजेत. एकाचं टोक वर दिसलं तर नावेला पीळ पडलाय. पिळलेली नाव कायम एका बाजूला खेचते, वल्हवणाऱ्याचा एक खांदा रोज जास्त दुखतो. तिला सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

रुंदी दोनदा मोजा, तळाला आणि वरच्या कडेला. वरची जास्त पाहिजे. बाजू बाहेर झुकलेल्या असल्या की कलताना नाव रुंद होत जाते आणि आधार वाढतो. दोघांनी जाळं काढायच्या चौदा-पंधरा फुटी नावेला मी तळाला तीन फूट आणि वर चार फुटांपेक्षा कमी पसंत करत नाही.

पाण्यातली परीक्षा

इथं घाई करू नका. काठावर एक तास गेला तरी चालेल, पाण्यात दोन तास द्या. कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून.

पहिली खूण रिकाम्या नावेला. बाहेरच्या बाजूला, मधोमध, पाणी जिथं टेकतं तिथं खडूनं रेष ओढा. मग दोन माणसं मधे बसवा. नवी रेष ओढा. दोन रेषांमधलं अंतर मोजा. पाणी स्वतःच हिशोब सांगतं: एक चौरस मीटर जागेवर नाव एक सेंटिमीटर खाली गेली की १० किलो वजन तोललं. तेरा फूट लांब, तीन फूट रुंद पाण्याला टेकणारा तळ म्हणजे साधारण ३.६ चौरस मीटर, म्हणजे सेंटिमीटरला ३६ किलो. सत्तर-सत्तर किलोची दोन माणसं बसली की ती चार सेंटिमीटर जाईल. अरुंद व्ही तळाचा पाण्यातला पट्टा दोन चौरस मीटरच असेल तर तीच माणसं तिला सात सेंटिमीटर बुडवतील. आता तुमचं पूर्ण वजन लिहा: दोन माणसं १४०, ओलं जाळं ४०, बर्फाची पेटी आणि मासे ८०, मोटार-पेट्रोल ४०. तीनशे किलो. सपाट नावेला साधारण सव्वाआठ सेंटिमीटर, अरुंद नावेला पंधरा. हे आकडे समोर आले की विकणाऱ्याच्या शब्दांचा प्रश्नच उरत नाही.

पूर्ण वजनानंतर कड पाण्यावर किती उरते ते महत्त्वाचं. मोकळ्या धरणावर मी एक फूट उरलीच पाहिजे असं मानतो. बॅरेजच्या शांत पट्टीत थोडी कमी चालते.

दुसरी परीक्षा कलण्याची, आणि ज्यांच्या घरचे पाण्यावर जातात त्यांनी ही कधीच सोडू नये. एक माणूस मधे बसू दे, दुसऱ्याला एका कडेला बसवा, जाळं ओढताना बसतो तसं. कड किती खाली गेली? मग दोघांना त्याच कडेला घ्या, हळूहळू, एक हात पलीकडच्या कडेवर ठेवून. कडेपासून पाण्यापर्यंत निदान एक वीत उरली पाहिजे. पलीकडच्या बाजूला तिसरा माणूस पाण्यात उभा करा, त्यानं तळाचा कोपरा पाण्याबाहेर येतोय का ते बघायचं. सपाट नावेत तो कोपरा बाहेर आला की त्यापुढे आधार संपला. तो क्षण कुठं येतो हे तुम्हाला घरी नेण्याआधी माहीत पाहिजे. आमच्या पहिल्या नावेत आम्ही हे केलं असतं तर ओंडका अडकल्याच्या दिवशी मी काकांच्या बाजूला गेलोच नसतो, दुसऱ्या कडेला बसून त्यांना तोल दिला असता.

मग वल्हवा. दहा वल्ही सारख्या जोरात मारा आणि थांबा. नाव किती लांब सरकते, सरळ जाते की फिरते? मागे वळून बघा: फळीमागचं पाणी गुळगुळीत सुटतंय की भोवरा करत खळखळतंय? थांबल्यावर काठावरच्या एखाद्या झाडाशी नजर जुळवून बसा. वारा असेल तर मिनिटभरात नाव किती घसरली ते कळेल. उंच नाळेच्या नावा इथं हरतात, वारा नाळेला धरून फिरवतो.

मोटार लावणार असाल तर पूर्ण वजनासह चालवून बघा. मागच्या फळीची उभी उंची मोजा. आखूड दांड्याच्या मोटारीला साधारण १५ इंच आणि लांब दांड्याच्या मोटारीला २० इंच लागते. उंचीशी न जुळणारी मोटार एकतर हवा खाते किंवा तळाखाली नको तेवढी लोंबून गाळ उपसते. आणि एक गोष्ट मुद्दाम करा: चालत्या नावेचा वेग एकदम सोडा. मागून स्वतःची लाट येते. फळी बुटकी असेल तर ती लाट आत येईल. आलीच तर या नावेची फळी उंच करावी लागेल किंवा ती सोडावी लागेल.

अंगाची तपासणी

फायबरवर नाणं टिचकवत चला, हातभर हातभर. खणखणीत आवाज म्हणजे थर जोडलेले. भद्द आवाज म्हणजे आतले थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. तळावर मटारच्या दाण्याएवढे फोड दिसले तर सुईनं एक फोडा. आंबट, उग्र वासाचं पाणी निघालं तर जेलकोटखाली, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराखाली, पाणी शिरलंय. थोडे फोड दुरुस्त होतात, अख्खा तळ भरला असेल तर सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एखाद्या ठिकाणी असतील तर तिथं मार लागलाय, आतून टॉर्च मारून बघा. ठिगळ असेल तर विचारा की आतून मॅट (काचतंतूंचं कापड) लावली की नुसतं वरून रेझिन चोपडलं. रेझिन ओल्या किंवा न घासलेल्या फायबरला धरत नाही, आणि विकण्याआधी घाईत केलेली ठिगळं बहुतेक तशीच असतात.

मागच्या फळीच्या आत प्लाय असतो, तोच आधी कुजतो. मोटारीच्या बोल्टाभोवती तांबूस ओघळ असतील किंवा मोटार धरून वरखाली हलवताना फळी किंचित लवत असेल तर आत काम आहे. ते दुरुस्त होतं, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आता बसायच्या बाकाखालचा फोम. लोक तो जागा अडवतो म्हणून काढून टाकतात. फायबर पाण्यात बुडतं, लोखंडी पत्राही बुडतो. नाव भरली तरी तरंगावी म्हणून फोम असतो. एक घनफूट कोरडा फोम साधारण २७ किलो तोलतो. बाक ठोकून बघा, खालचा कोपरा दाबून बघा, पाणी झिरपतंय का. भिजलेला फोम तरंगवत नाही, उलट ओझं होतो. विकणाऱ्याची परवानगी असेल तर उथळ पाण्यात नाव पाण्यानं भरून बघा. ती तरंगत राहिली तर घरच्या लोकांच्या जीवाची एक काळजी कमी झाली.

लाकडी नावेला दाभण घ्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना, फळ्यांच्या सांध्यात आणि जिथं डांबर ताजं दिसतं तिथं टोचा. सहज शिरलं तर लाकूड गेलं. लोखंडी पत्र्याच्या नावेला आतल्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचतं, हातोडीनं ठोका.

समुद्रावरून आलेली नाव असेल तर तळाला विषारी रंग असण्याची शक्यता धरा. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तो लावतात, त्यात बहुधा तांबं असतं. आपल्या गोड्या पाण्यात त्याची गरज नाही. तो कोरडा घासू नका, धूळ श्वासात जाते; आणि ज्या धरणातून गावं पाणी पितात त्याच्या काठावर तर मुळीच घासू नका.

दोन नावा समोर असतील तर

मागच्या वर्षी मावसभावाला प्रकाशाच्या पाण्यासाठी नाव हवी होती. दोन बघितल्या. एक सोळा फुटी, पुढे व्ही, मागे सपाट, तीन वर्षांची, रंग आरशासारखा. दुसरी चौदा फुटी, सपाट, दोन्ही टोकं उचललेली, रंग उडालेला, बाजूला दोन जुनी ठिगळं. भावाचा जीव पहिलीवर होता. खडूच्या खुणेत दोन माणसांनी पहिली सहा सेंटिमीटर बसली, दुसरी चार. वल्हवून बघितलं तर पहिलीमागे पाणी खळखळत होतं. रुंद फळी पूर्ण बुडालेली, मोटारीसाठी बनवलेली. दुसरी दहा वल्ह्यांनंतर पहिलीपेक्षा निदान एक नावभर जास्त सरकली. ठिगळं नाण्यानं तपासली, घट्ट होती. फळी कोरडी. तो वल्ह्यावरच काम करणार होता, म्हणून दुसरी घेतली. हाच भाऊ उकाईवर मोटारीनं जाणार असता तर मी त्याला पहिली घे म्हणालो असतो, आणि चार पैसे जास्त द्यायलाही सांगितलं असतं.

व्यवहार आणि वाहतूक

नाव कुणाच्या नावावर आहे, सरकारी अनुदानातून घेतली होती का, आणि असेल तर विकायची मुभा आहे का हे कागदावर बघा. तुमच्या जलाशयाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिथं आधी विचारा की या आकाराची, मोटारीची नाव चालेल का. पैसे दिल्याची पावती, नावेचं माप आणि मोटारीचा नंबर लिहून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणताना नाव दोन्ही टोकांवर टेकवू नका. तळाखाली भुसा भरलेली पोती किंवा जुने टायर तीन-चार ठिकाणी द्या, दोरी कडेवरून घट्ट पण पिळून नको. तळाचा जो बाक तुम्ही दोरी लावून तपासला, तो वाटेत पाडून घेऊ नका.

नाव पाण्यात उतरवल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण वजन टाका, दोन्ही बाजूंना पाणी जिथं टेकतं तिथं पक्क्या रंगानं रेष ओढा. त्या रेषेच्या वर पाणी आलं की मासे कितीही लागलेले असोत, परत फिरायचं. माझ्या आताच्या नावेवर ती रेष लाल आहे. काका आता नावेत बसत नाहीत. पण संध्याकाळी काठावर येतात तेव्हा पेटीत काय आलं ते नंतर विचारतात, आधी ती रेष बघतात.